पाषाणभेद : डोंगरातले मूळ आणि आपला बाजार

यूनानी औषधांच्या आणि काष्ठौषधींच्या दुकानात ‘पाषाणभेद’ किंवा ‘पखानभेद’ या नावाने एक वाळलेले मूळ विकले जाते. मुतखड्याच्या तक्रारीवर हकीम आणि वैद्य ते पिढ्यान् पिढ्या लिहून देत आले आहेत. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या दुकानात त्याची बरणी असेल. पण ज्या झाडाचे हे मूळ ते झाड पाहिलेले फार थोडे. याच झाडाची भावकी युरोपातील लोक बागेत हौसेने लावतात, आणि तीही मुळासाठी नव्हे, तर हिवाळ्यात लाल होणाऱ्या पानांसाठी, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. या झाडाची लागवड कशी होते आणि तिच्याशी आपल्या धंद्याचा काय संबंध, हे व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

या झाडाला शास्त्रात ‘बर्गेनिया’ म्हणतात. कार्ल ऑगस्ट फॉन बर्गेन या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून १७९४ साली हे नाव ठेवले गेले. झाड म्हणजे वृक्ष नव्हे. जमिनीलगत पसरणारे, वर्षानुवर्षे टिकणारे रोप. उंची जेमतेम वीतभर ते हातभर. पाने जाड, गोलसर, तळहाताहून मोठी. इंग्रज माळी त्यांना हत्तीचे कान म्हणतात. जमिनीवर किंवा मातीत जेमतेम बुडून एक जाड गड्डा आडवा सरकत असतो. आपण ज्याला मूळ म्हणतो ते खरे पाहता हा गड्डाच होय. हिवाळा सरता सरता गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचे घोस येतात.

आपल्या औषधात वापरली जाणारी जात ‘बर्गेनिया सिलिएटा’. ती अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड व नेपाळपर्यंत डोंगरातील खडकांच्या भेगांत वाढते. खडक फोडून वर आल्यासारखी दिसते, म्हणून पाषाणभेद असे नाव पडले असावे. सायबेरिया व अल्ताई पर्वतातील जाती अधिक चिवट, बर्फाखालीही पाने टिकवून धरणाऱ्या. युरोपच्या बागांत मुख्यतः त्याच, आणि त्यांच्यापासून तयार केलेले संकर लावतात. आपली हिमालयातील जात त्या मानाने नाजूक. कडक हिमात तिची बरीच पाने गळून जातात, गड्डा मात्र जिवंत राहतो.

पाने लाल का होतात? थंडी पडली की पानातील हिरव्या द्रव्याचे काम मंदावते आणि लाल-जांभळे रंगद्रव्य तयार होऊ लागते. पूर्व हिमालयातील एका जातीची पाने तर थंडीत बीटाच्या कंदासारखी होतात. गंमत अशी की, खत-पाणी जितके भरपूर, तितका रंग फिका. सावलीत व कसदार जमिनीत पाने मोठी होतात पण हिरवीच राहतात. उघड्यावर, ऊन लागणाऱ्या हलक्या जमिनीत रंग खुलतो.

आता लागवड. बियाणे धुळीसारखे बारीक असते. ते मातीने झाकायचे नसते, कारण उगवायला उजेड लागतो. आणि रोप मोठे व्हायला वर्षे जातात. म्हणून शहाणा शेतकरी बियांच्या नादी लागत नाही. जुना गड्डा उकरून त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर निदान एक डोळा हवा. तुकडा आडवा ठेवून डोळा मातीच्या वर राहील इतकाच पुरायचा. दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर पुरते. पाने पसरली की जमीन झाकली जाते आणि तण फारसे डोके वर काढत नाही. जमीन गोट्या-दगडांची चालते, पण पाणी निचरून गेले पाहिजे. साचलेल्या पाण्यात गड्डा कुजतो. औषधी जातीला डोंगराची अर्धवट सावली मानवते. फळबागेच्या बांधावर, जिथे दुसरे पीक येत नाही अशा दगडी उतारावर ती लावता येते, आणि मुळांच्या जाळ्यामुळे माती धरून ठेवली जाते हा वेगळा फायदा. दोन-तीन वर्षांनी गड्डा विकण्याजोगा होतो. काढणी पावसाळा सरल्यावर करावी, आणि काढताना डोळा असलेली टोके परत मातीत लावावीत. एवढे केले की पुन्हा रोपे विकत घ्यावी लागत नाहीत.

इथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. या रोपाला थंडी हवी. कोकण, मराठवाडा, विदर्भ येथे उन्हाळ्याच्या तापात त्याची आशा धरू नये. ‘मुतखड्याच्या मुळाची शेती करा, लाखो कमवा’ असे सांगत कोणी रोपे घेऊन आला तर त्याला पाने दाखवायला सांगावे. बहुधा ती पानफुटीची निघतील!

कारण नावाचा घोटाळा मोठा आहे. पाषाणभेद या एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी झाडे चालतात. कुठे पानफुटी, कुठे पानओवा, तर दक्षिणेत कपूरमाधुरी. उर्दूत ‘जख्मे-हयात’ हे नाव कोणी पानफुटीला देतात, कोणी हिमालयातील या मुळाला. यात नेहमीच दगाबाजी असते असे नाही, त्या त्या प्रांताचा रिवाज असतो. परंतु आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशात पाषाणभेद म्हणून बर्गेनियाच दिलेला आहे, तेव्हा बिलावर ते नाव लिहून दुसरी वस्तू देणे हा चोख सौदा नव्हे. घेणारा आजारी माणूस असतो, हे विसरू नये.

ओळख अवघड नाही. खरा माल म्हणजे तपकिरी, सुरकुतलेले, जाडसर तुकडे. अंगावर गळलेल्या पानांच्या वळ्या आणि बारीक मुळांचे ठिपके. चव तुरट, किंचित कडवट. हलक्या काड्या, पाने किंवा पातळ मुळ्यांचा भारा आला तर तो दुसरा माल समजावा. आम्ही स्वतः एकदा एका ठोक व्यापाऱ्याकडून आलेले पोते न उघडता घेतले होते. तळाशी निम्म्या काड्या निघाल्या आणि परत करायला गेलो तर पावतीवर नुसते ‘जडीबुटी’ एवढेच लिहिलेले! कोणी सांगतात की तुकडा भिजवलेल्या पाण्यात गंजका खिळा टाका, पाणी काळे पडले तर माल खरा. ही परीक्षा अपुरी आहे. मुळात टॅनिन भरपूर असते म्हणून पाणी काळे पडते हे खरे, पण बाभळीच्या सालीनेही तसेच होईल. चामड्याचे काम करणाऱ्या वाचकांना हे ठाऊकच आहे. सायबेरियात या झाडाच्या जातभाईची मुळे कातडे कमावण्यासाठी वापरली गेली आहेत.

बाजारात येणारा बराच माल रानातून उपटलेला असतो. पाने तोडली तर झाड जगते. इथे मालच गड्डा आहे, म्हणजे तो काढला की झाड संपले. खडकाच्या भेगेत नवे रोप धरायला वर्षे लागतात. जिथे सोपे होते तिथला माल संपत गेला की लोक अधिक उंचावर, अधिक कठीण जागी चढतात. माल महाग होतो, आणि भाव चढला की काड्यांची भेसळ वाढते. एका डोळ्यावर पुन्हा फुटणारे रोप आणि त्याच्या मुळासाठी कडे खरवडले जावेत, हा उलटा हिशेब आहे.

कायद्याचेही पाहावे. जंगलातील मालाला वन खात्याचा वाहतूक परवाना लागतो. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली असून, लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना लाभाचा वाटा देण्याच्या अटीतून सूट दिली आहे. त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचा मूळस्थानाचा दाखला लागतो. म्हणजे लागवडीच्या मालाला कागद आहे, आणि त्या कागदाला किंमत आहे.

दिल्लीची खारी बावली किंवा उत्तराखंडातील रामनगर, टनकपूर येथून माल मागवणाऱ्यांनी अडत्याला एवढे विचारावे: माल रानचा की लागवडीचा, दाखला मिळेल का, आणि बिलावर झाडाचे पूर्ण नाव लिहाल का. दोन-चार दुकानदारांनी मिळून एकत्र मागणी दिली तर अडत्या ऐकतो. डोंगरातील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेशी थेट बोलणे त्याहून बरे, कारण लागवड करणाऱ्याला तीन वर्षांनी गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसते आणि म्हणूनच तो लावत नाही. गोपेश्वर येथील जडीबुटी शोध एवं विकास संस्था उत्तराखंडात औषधी वनस्पतींच्या लागवडीचे काम पाहते. चौकशी तिथून सुरू करता येईल. बोलणे पावसाळ्यापूर्वी उरकावे. काढणीच्या दिवसांत विचारणाऱ्याच्या वाट्याला शेवटचा, ओलसर माल येतो, आणि तो मुंबईच्या दमट हवेत बरणीत बुरशी धरतो.