अपवादाची जागा

एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ नव्या पत्त्यावर हलविले, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकास नव्या ठिकाणी धाडावे, असा सरसकट हुकूम जुन्या सर्व्हरला देऊन ठेवण्याचा शिरस्ता आहे. कायमच्या स्थलांतरासाठी ३०१ आणि तात्पुरत्यासाठी ३०२ हा संकेतांक तो नव्या पत्त्यासह परत पाठवितो. परंतु या हुकमातून एक मार्ग वगळावा लागतो, आणि तो न वगळल्याचे फळ बहुधा काही आठवड्यांनी पदरी पडते.

जुन्या पत्त्याचे सुरक्षित दुवे चालू राहावेत म्हणून त्याचे प्रमाणपत्रही जिवंत ठेवावे लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देत आली असून त्यांची नेहमीची मुदत ९० दिवसांची असते. नूतनीकरणाच्या वेळी पत्ता खरोखर अर्जदाराच्या ताब्यात आहे याची रुजुवात करण्यासाठी, तिने नेमून दिलेला मजकूर ‘/.वेल-नोन/अ‍ॅक्मे-चॅलेंज/’ या मार्गावर ठेवलेला आहे की नाही, हे ती साध्या एचटीटीपीवरून पाहते. सरसकट हुकूम या तपासणीलाही नव्या सर्व्हरकडे वळवितो. फाइल मात्र जुन्याच सर्व्हरवर असल्याने तेथे ४०४ हे उत्तर मिळते, नूतनीकरण नामंजूर होते, आणि मुदत सरताच जुन्या दुव्यावरून येणाऱ्या वाचकापुढे ब्राउझर धोक्याची सूचना उभी करतो.

अपवाद नुसता लिहून भागत नाही. तो योग्य जागी लिहावा लागतो. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एन्जिन-एक्समध्ये ‘रिटर्न’ ही आज्ञा थेट ‘सर्व्हर’ विभागात लिहिली, तर खालचा ‘लोकेशन’ कितीही बिनचूक असला तरी त्याची पाळीच येत नाही. म्हणून ती ‘लोकेशन /’ च्या पोटात घालावी आणि वगळायच्या मार्गासाठी स्वतंत्र ‘लोकेशन’ लिहावे, म्हणजे जुळणाऱ्यांपैकी अधिक लांबीचा तो मार्ग सर्व्हर आपोआप निवडतो. अपाचीमध्ये ‘रिराइट-रूल’च्या लगेच वर, उद्गारचिन्हाने नकार दर्शविणारी ‘रिराइट-कंड’ ही अट घालतात. तिचा अंमल केवळ लगतच्या एकाच नियमापुरता असल्याने दुसऱ्या नियमासाठी ती पुन्हा लिहावी लागते.

ब्राउझर ३०१ ध्यानात ठेवून पुढच्या खेपेस सर्व्हरला विचारीतच नाही, हे लक्षात घेऊन आरंभी ३०२ च ठेवावा. वगळलेल्या मार्गावर चाचणीची फाइल ठेवून ती मागविल्यास २०० आणि अन्य कोणतेही पान मागविल्यास ३०२ असे उत्तर आले, म्हणजे हुकूम आणि मुभा दोन्ही यथास्थित आहेत असे समजावे, आणि मगच ३०२ चा ३०१ करावा.