शेवटच्या दारापासून मागे

एक जुना वाडा आहे. तळघराला कुलूप, किल्ली आडात पडलेली. आडात उतरायला दोर हवा, तो माळ्यावर. माळ्यावर मिट्ट काळोख, म्हणून कंदील न्यायला हवा. कंदिलात रॉकेल नाही, आणि रॉकेलचा डबा आहे तळघरात.

हा माझ्या पहिल्यावहिल्या अ‍ॅडव्हेंचर गेमचा आराखडा. तीन आठवडे मी त्यातली चित्रं काढली, संवाद लिहिले, आडाच्या रहाटाचा आवाजही शोधून ठेवला. हा गेम कुणालाच कधीच पुरा करता येणार नाही, हे मला भाच्याने खेळायला घेतल्यावर पाच मिनिटांत कळलं.

‘असा गेम करायचाय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं कुणी विचारलं की मला तो डबा आठवतो: सॉफ्टवेअरच्या आधी नकाशा हवा. या प्रकारातला आद्य गेम १९७६च्या सुमारास विल क्राउदरने लिहिला. हा प्रोग्रामर गुहांत उतरण्याचा शौकीन होता. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेच्या मोजणीत त्याने काम केलं होतं, आणि ‘कोलोसल केव्ह’ या त्याच्या गेममधली भुयारं त्याच गुहेवरून बेतलेली. म्हणजे नकाशा आधी झाला, गेम मागून आला. पुढे डॉन वूड्सने १९७७मध्ये त्यात आणखी कोडी आणि करामती घातल्या.

पण जागेचा नकाशा पुरत नाही. कुठली गोष्ट कशावाचून अडते, याचा वेगळा नकाशा लागतो. ‘मंकी आयलंड’ हा गेम करणारा रॉन गिल्बर्ट त्याला ‘पझल डिपेन्डन्सी चार्ट’ म्हणतो. तो काढायचा शेवटापासून. तळघर उघडलं, हा शेवट. त्यासाठी काय लागलं? किल्ली. किल्लीसाठी? दोर. असं मागे मागे यायचं. माझा डबा या पद्धतीने पाचव्या चौकोनातच पकडला गेला असता, कारण बाण फिरून पहिल्या चौकोनाकडे आला असता.

या तक्त्याचा आकारही बोलतो. चौकोन एकाखाली एक सरळ रांगेत आले, तर खेळणारा एका कोड्याशी अडला की सगळाच अडला. मधे फाटे फुटून पुन्हा एकत्र आले, तर कंदील पेटेना तोवर तो देवघरात तरी खटपट करत बसतो. एक मात्र तक्त्यात सहज दिसत नाही: हातची वस्तू वाया गेली तर काय? १९९०च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये ‘कस्टर्ड पाय’ हा गोड पदार्थ मिळतो. भूक लागली म्हणून तो खाल्लात, तर पुढे हिममानवाच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही, आणि तुम्ही कायमचे अडकता. तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे ‘ही संपली तर?’ असं पेन्सिलीने लिहून ठेवावं.

हे सगळं पाठकोऱ्या कागदांवर होतं. चौकोन पन्नासच्या पुढे गेले की मग संगणक. ड्रॉ-आयओ फुकट आहे, बाण ओढा की झालं. मला ग्राफविझ आवडतं. त्यात चित्र काढायचंच नाही. ‘दोरावाचून किल्ली नाही’ अशा अर्थाची एकेक ओळ लिहायची, मांडणी ते करतं. मधेच एक कोडं घुसडलं तरी सगळे चौकोन पुन्हा हाताने सरकवत बसावं लागत नाही.

इथेच नवखे एक गल्लत करतात. ते सरळ ट्वाइन उघडतात. क्रिस क्लिमासने २००९मध्ये आणलेलं हे साधन देखणं आहे. ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेतल्या ‘बँडरस्नॅच’ची फाटे फुटणारी कथा चार्ली ब्रूकरने त्यातच जुळवली. त्यातही चौकोन आणि बाण असतात. पण ट्वाइनचा चौकोन म्हणजे गोष्टीचं एक पान, आणि वरच्या तक्त्यातला चौकोन म्हणजे एक कोडं. ‘डावीकडे जाऊ की उजवीकडे’ अशी गोष्ट असेल तर ट्वाइनसारखं दुसरं नाही. पिशवीत बारा वस्तू घेऊन वाडाभर हिंडायचं असेल, तर त्याच पडद्यावर गुंतवळ होते. (ब्राउझरमधलं ट्वाइन तुमचं काम ब्राउझरच्याच पोटात ठेवतं. साफसफाईच्या झटक्यात ते पुसलं जाण्याआधी फाइल उतरवून घ्या.)

संवाद भरपूर असतील तर ‘८० डेज’ हा गेम करणाऱ्या इंकल कंपनीचं इंक पाहा. नाटकाच्या संहितेसारखं लिहीत जाता येतं. चित्रातल्या वस्तूंवर टिचक्या मारायचा जुन्या वळणाचा गेम हवा असेल, तर अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ. खोली, तिथली चालण्याची जागा, टिचकीच्या जागा, खिशातल्या वस्तू, सगळं त्यात मुळातच आहे. संपादक मात्र विंडोजवरच चालतो.

मराठीत करायचं तर आणखी एक परीक्षा. कुठलंही साधन निवडण्याआधी त्यात ‘किल्ली’, ‘दुर्ग’, ‘स्त्री’ एवढे तीन शब्द टाका. युनिकोड चालणं वेगळं आणि जोडाक्षर नीट जुळणं वेगळं. वेलांटी क-च्या मागे जाऊन बसली किंवा रफार भलत्या अक्षरावर चढला, तर तिथूनच परत फिरा. ट्वाइनचा गेम वेबपान म्हणून चालतो, त्यामुळे ती काळजी ब्राउझर घेतो. गोडो या गेम इंजिनच्या चौथ्या आवृत्तीपासून तिथेही हे नीट होतं.

याहून अवघड आपलं सामान्यरूप. इंग्रजी गेममध्ये ‘यूज’, वस्तू, ‘विथ’, दुसरी वस्तू असे तुकडे जोडले की वाक्य तयार. मराठीत ‘कंदील’ला नुसतं ‘त’ चिकटवून ‘कंदीलत रॉकेल घाल’ म्हणता येईल का? कंदिलात, दिव्यात, पण किल्लीत. म्हणून वस्तूंची यादी करतानाच दोन रकाने करायचे, एकात मूळ शब्द, दुसऱ्यात त्याचं सामान्यरूप. हे मी फार उशिरा शिकलो, आणि तोवर शे-दीडशे वाक्यं हाताने दुरुस्त करून झाली होती.

रॉकेलचा डबा आता तळघरात नाही. तो शेजारच्या काकूंकडे ठेवलाय. काकू आनंदाने देतात, फक्त आडाचं एक कळशी पाणी शेंदून दिलं पाहिजे. भाच्याने तक्ता पाहिला, बोट ठेवून बाण मोजले आणि विचारलं, ‘मामा, पण दोर माळ्यावर आहे ना?’