चेहऱ्यावरील पांढरे कण

मनुष्याच्या चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांखाली, गालांच्या उंचवट्यांवर आणि नाकाच्या आसपास, कधी कधी मोत्यांच्या चुऱ्यासारखे पांढरे, टणक कण दिसू लागतात. त्यांचा आकार सामान्यतः १ ते २ मिलिमीटर इतकाच असतो. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत आणि पिकतही नाहीत. आरोग्यास त्यांच्यापासून धोका नसतो. तथापि आरशात रोज दिसणारी गोष्ट मनाला स्वस्थ बसू देत नाही. मग नखाने दाबणे, घरातील सुईने टोचणे, कोणी सांगितलेले मलम चोळणे, असे उपाय सुरू होतात. निरुपद्रवी कणांच्या निमित्ताने खरा उपद्रव येथूनच उद्भवतो.

वैद्यकात या कणांना ‘मिलिया’ म्हणतात. एका कणास ‘मिलियम’ अशी संज्ञा आहे. हा लॅटिन शब्द मुळात वरी-राळ्यासारख्या बारीक धान्याचा वाचक होय. घामोळ्याचे वैद्यकीय नाव ‘मिलिएरिया’ हेही याच शब्दापासून आले. नावे अशी एकाच घराण्यातील असली, तरी विकार मात्र भिन्न आहेत. चेन्नईसारख्या शहरात हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. तेथे मे महिन्यात पारा पुष्कळदा ४० अंश सेल्सियसपर्यंत चढतो आणि समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेमुळे घाम लवकर सुकत नाही. घामाच्या नलिका तुंबल्या म्हणजे घामोळे उठते. अंग थंड व कोरडे राहिले की ते काही दिवसांत ओसरते. मिलियाचे तसे नाही. ते घामाचे नसतात आणि वारा घेतल्याने जात नाहीत.

मग ते कशाचे असतात? पुष्कळांची समजूत अशी, की तो साठलेल्या चरबीचा गोळा होय. ही समजूत बरोबर नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, सतत नवी होत असते. तिच्या तळाशी जन्मलेल्या पेशी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाने भरून जातात आणि सुमारे महिनाभरात कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. नखे व केसही याच जातीच्या प्रथिनाचे बनलेले असतात. क्वचित या पेशींचा एक लहानसा पुंजका पृष्ठभागाखाली अडकतो व त्याभोवती पिशवी तयार होते. पिशवीच्या अस्तरातून केराटिनाचे पापुद्रे सुटतच राहतात, परंतु बाहेर पडण्यास वाट नसते. ते एकावर एक दाटून जो दाणा होतो, तोच मिलियम.

नवजात अर्भकांत हे कण फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. बाळाच्या नाकावर व गालांवर दिसणारे असे ठिपके काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. त्यांना हात न लावणे हाच त्यांवरील उपाय. प्रौढांत मात्र ते महिनोन्महिने टिकतात. भाजल्यानंतर किंवा फोड येऊन गेल्यानंतर, त्या जागी त्वचा नव्याने भरून येतानाही ते उत्पन्न होऊ शकतात.

मिलियाला बाहेर उघडणारे तोंड नसते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मुरुमाच्या पुटकुळीस सूक्ष्म का होईना, छिद्र असते. येथे दाबले असता दाण्याला जाण्यास मार्गच नसल्यामुळे तो जागचा हलत नाही. भोवतालची त्वचा मात्र चेंगरते. नख खोल रुतले, तर इजा बाह्यत्वचेच्या खालील थरापर्यंत, अंतस्त्वचेपर्यंत पोचते.

या अंतस्त्वचेचे बळ कोलॅजेन नावाच्या प्रथिनात आहे आणि त्याच्या रचनेचा उलगडा होण्यात चेन्नईचा मोठा वाटा आहे. त्या काळच्या मद्रास शहरात १९४८ साली केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. कातडी कमावणे हे मुख्यतः कोलॅजेन टिकवण्याचेच शास्त्र असल्याने तेथे या प्रथिनाचा अभ्यास होणे स्वाभाविक होते. जवळच मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन हे १९५२ पासून पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह क्ष-किरणांच्या साहाय्याने कोलॅजेनची तपासणी केली. कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचे तंतूही त्यांनी अभ्यासिले. १९५४ साली त्यांनी असे प्रतिपादन केले, की कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्या परस्परांभोवती गुंफून झालेला असतो. जणू तीन पेडांचा दोरच. पुढील वर्षी त्यांनी या आराखड्यात सुधारणा केली. पुढे इतरांच्या संशोधनाने त्याचे तपशील आणखी दुरुस्त झाले, परंतु तीन पेडांची मूळ कल्पना कायम राहिली.

अंतस्त्वचेत या दोरांची वीण एका विशिष्ट पद्धतीची असते. खोल जखम झाली, तर शरीर ती नव्या कोलॅजेनने भरून काढते. परंतु पूर्वीची वीण जशीच्या तशी साधत नाही. व्रण राहतो तो यामुळे. मिलियम बाह्यत्वचेच्या लगत, वरवर असते. ते काढताना खालच्या विणीस धक्का लागू न देणे, हेच सारे कौशल्य होय.

त्वचारोगतज्ज्ञ हे काम काही मिनिटांत करतात. प्रथम जागा जंतुनाशकाने पुसतात. मग निर्जंतुक सुईच्या किंवा बारीक पात्याच्या टोकाने कणावरील पातळ पापुद्र्यास अगदी लहान छेद देतात. वाट मिळताच हलक्या दाबाने पांढरा दाणा अखंड बाहेर येतो. रक्त नाममात्र येते आणि जखम काही दिवसांत भरून निघते. कण पुष्कळ असल्यास रेटिनॉइड वर्गातील मलम काही आठवडे लावण्यास सांगतात; मात्र गर्भवती स्त्रियांस ते देत नाहीत. काही प्रसंगी विद्युत्दाह किंवा लेसर किरणांचाही उपयोग करतात. सावळ्या त्वचेवर लहानशा दाहानंतरही काळे डाग रेंगाळतात. म्हणून उपचारानंतर उन्हापासून चेहऱ्याचे रक्षण करणे इष्ट असते.

उपचारापूर्वी निदान हवे, याला आणखीही एक कारण आहे. चेहऱ्यावरील प्रत्येक फिकट पुळी मिलियम नसते. मध्यभागी खळगी असलेले मऊसर फोड विषाणूजन्य असू शकतात आणि ते खरडल्याने इतरत्र पसरतात. पापण्यांवरील पिवळसर चट्टे रक्तातील कोलेस्टेरॉल तपासून घेण्याची सूचना देतात. घामाच्या नलिकांपासून उद्भवणाऱ्या, त्वचेच्याच रंगाच्या गाठी खोल असतात. त्यांतून दाणा निघत नाही. या तिन्ही ठिकाणी सुई चालवणे व्यर्थ किंवा अपायकारक ठरते.

गोरेपणाच्या किंवा डाग घालवण्याच्या आशेने दीर्घकाळ लावलेली स्टिरॉइडयुक्त मलमेही घातक ठरतात. त्यांनी त्वचा पातळ होते, मुरुम उठतात आणि कधी कधी मिलियाही उत्पन्न होतात. म्हणजे ज्या कणांसाठी मलम चोळावे, त्यांचीच भर पडावी, असा प्रकार. भारत सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये असा नियम केला, तो याच जातीच्या अपायांमुळे.

वरीच्या दाण्याएवढा हा कण तसाच राहिला, तरी काही बिघडत नाही. काढायचा झाला, तर निर्जंतुक सुई व जाणता हात पुरेसा होतो. चेहऱ्यावर कायमची खूण राहते ती बहुधा कणाची नव्हे, तर त्याला घाईने लावलेल्या नखाची.