रशियांतील दगडी ख्रिस्तमंदिरें

रशियाचें नांव निघतांच मॉस्कोच्या तांबड्या चौकांतील रंगीत घुमटांचें मंदिर बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आणि त्या देशांतील सारीं ख्रिस्तमंदिरें तशींच असावींत, असा समज होतो. परंतु तें मंदिर १५५५ ते १५६१ या काळांतलें आहे. त्यापूर्वीं सुमारें पांच शतकें रशियांत दगडी मंदिरें उभीं राहत होतीं, आणि प्रांतागणिक त्यांचें रूप निराळें होतें.

९८८ सालीं कीव्हचा राजा व्लादिमीर यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याबरोबर बायझंटाइन मंदिररचनाही तेथें आली. चौकोनी तळ, आंत खांब, वर घुमट आणि पूर्वेस अर्धवर्तुळाकार गाभारा, हा आराखडा सर्वत्र रूढ झाला. भेद पडला तो हातीं असलेल्या दगडामुळें आणि बांधविणाऱ्याच्या ऐपतीमुळें.

वायव्येकडील नोव्हगोरोड हें व्यापाऱ्यांचें नगर. तेथील ओबडधोबड चुनखडक विटांच्या जोडीनें रचीत. अशा भिंतीवर नाजूक कोरीव काम साधत नाहीं. म्हणून तेथील मंदिरें बाहेरून साधीं व भक्कम, आणि त्यांचें वैभव आंतल्या भित्तिचित्रांत. इल्यिना रस्त्यावरील १३७४ च्या मंदिरांत थिओफानेस या ग्रीक चित्रकारानें १३७८ सालीं काढलेल्या चित्रांचा कांहीं भाग अद्याप टिकून आहे.

व्लादिमीर व सुझदाल येथें राजांचा आश्रय होता. घडीव पांढऱ्या दगडाच्या दोन भिंती उभारून मधली पोकळी दगडगोटे व चुना यांनीं भरीत. हा दगड सफाईनें कापतां येई. म्हणूनच १२व्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या दिमित्री मंदिराच्या बाहेरील भिंतींवर सिंह, पक्षी, वेली व दावीद राजा कोरलेले दिसतात.

प्स्कोव्हचा दगड हवापाण्यानें झिजणारा. त्यावर चुन्याचा लेप द्यावा लागे. तेथील गवंड्यांनीं पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाणाऱ्या कमानींवर घुमट तोलला व लहान मंदिरांतील खांब काढून टाकले. घंटांसाठीं त्यांनीं खिडक्यांची उंच भिंत उभारली.

या परंपरांचा संगम मॉस्कोंत झाला, आणि तो एका अपघातामुळें. १४७४ सालीं तेथील राजदुर्गांत पूर्ण होत आलेलें मोठें मंदिर कोसळलें. प्स्कोव्हच्या गवंड्यांनीं पाहणी करून दोष दाखविला: दगडकाम गुळगुळीत, पण चुना पातळ व चिकटपणा नसलेला. पुढें इटलींतून आलेल्या फिओराव्हांती या स्थपतीला व्लादिमीरचें जुनें मंदिर पाहण्यास पाठविण्यांत आलें. त्यानें खोल पाया, घट्ट चुना व लोखंडी ताण वापरून १४७९ सालीं नवें मंदिर पुरें केलें. त्याच दुर्गांत प्स्कोव्हच्या कारागिरांनीं १४८४ ते १४८९ या काळांत दुसरें मंदिर बांधलें.

नोव्हगोरोडजवळील नेरेदित्सा येथील ११९८ चें मंदिर दुसऱ्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्यानें उद्ध्वस्त झालें. १९५८ पर्यंत त्याच्या भिंती पुन्हां उभ्या राहिल्या. परंतु आंतील बहुतेक चित्रें कायमचीं गेलीं. आतां जुनीं छायाचित्रें व नकला एवढाच त्यांचा आधार उरला आहे. दगड पुन्हां रचतां येतो. ज्या चित्रांसाठीं भिंत उभारली, तीं मात्र पुन्हां आणतां येत नाहींत.