जुनेरातून ऊब : ग्रामीण घरातील गोधडीचे अर्थकारण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असा आपल्याकडे व्यवहाराचा जुना दंडक आहे. ग्रामीण गृहिणीने या म्हणीला आपल्या परीने एक पुस्ती जोडली. तिने जुनी वस्त्रे जमविली, एकावर एक रचली आणि अंथरूणच पुरेल एवढे केले. भाद्रपद संपत आला, घटस्थापना जवळ आली, की नदीच्या घाटावर, पाझर तलावाच्या काठी किंवा पाटावर गोधड्या धुण्याची एकच गर्दी उडते. बैलगाडीत, अलीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, घरातील सारे अंथरूण-पांघरूण रचून नेले जाते. काठावरच्या खडकांवर आणि बाभळींवर वाळत घातलेल्या त्या रंगीबेरंगी चौकोनांकडे कौतुकाने पाहणारे पुष्कळ असतात. त्या प्रत्येक चौकोनामागे एका कुटुंबाचा कित्येक वर्षांचा जमाखर्च आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही.

गोधडीला दक्षिण महाराष्ट्रात वाकळ म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात तीच कौदी होते. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी या तिच्याच बहिणी. त्या दोघींना नक्षीकामामुळे देशोदेशी नाव मिळाले व भौगोलिक मानांकनही लाभले. महाराष्ट्राची गोधडी घरातच राहिली. ती विकण्यासाठी कधी शिवली गेली नाही, म्हणून तिची किंमतही कोणी केली नाही.

वस्त्राचे आयुष्य

काटकसरीच्या घरात लुगडे फाटले म्हणजे संपले, असे होत नसे. नऊवारी लुगडे आधी विरते ते बसण्याच्या जागी. दोन्ही टोके व पदर शाबूत असतात. अशा वेळी मधला विरलेला भाग काढून टाकून चांगले तुकडे एकमेकांना जोडले जात. यालाच दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडे नेसून कित्येक माउल्यांनी मुलांची शिक्षणे पुरी केली. पुढे दंड घालण्याजोगेही वस्त्र उरले नाही, की ते जुनेर म्हणून बाजूला पडे. त्याच्या मऊ भागातून तान्ह्या बाळाची दुपटी, झबली, कुंची निघत. अनेकदा धुतलेल्या सुती कापडातील खळ गेलेली असते, रंग पक्का झालेला असतो आणि धागा मऊ पडलेला असतो. बाळाच्या अंगाला नवे कापड टोचते, जुने टोचत नाही, या अनुभवातून ही रीत आली आहे. उरलेल्याचे मसोते, हातपुसणी आणि डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ होई. शेवटी पोतेरे.

या साखळीत बाहेरून येणारी एक व्यक्ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार फिरते आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचे भांडे देते. या व्यवसायात गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक, समाजातील स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. कापड उजेडासमोर धरून तिची बोटे क्षणात त्याची परीक्षा करतात. नायलॉन की सुती, कोठे विरले आहे, गुंड्या आहेत की नाहीत, हे सारे ती एका दृष्टिक्षेपात ताडते आणि मग घासाघीस सुरू होते. दोघीही गरजू, दोघीही चतुर. दुपारची ती बोलाचाली ऐकण्यासारखी असते. हे कपडे पुढे दुरुस्त होऊन शहरांतील जुन्या बाजारात जातात आणि तेथून आठवडी बाजारांतील पालांखाली पुन्हा खेड्यात येतात. अगदीच फाटलेले असतील ते कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी खपतात. सरकारी दप्तरात या उलाढालीला जागा नाही. तरीही खेड्यातील अनेक घरांतील डबे, पातेली आणि मुलांचे शाळेबाहेरचे कपडे या मार्गाने आलेले असतात.

गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा असेही म्हणत. अंगावर ठिगळांचे वस्त्र आणि हातात खराटा घेऊन हा पुरुष गावोगाव हिंडला आणि ऋण काढून सण, लग्न, जेवणावळी करू नका, पोरांना शिकवा, हे सांगत राहिला. त्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान राबविण्यात आले. त्यातील खराट्याची आठवण गावांनी ठेवली. ठिगळाची आठवण तेवढी राहिली नाही, हे लग्नातील आहेराच्या चादरी आणि त्यापायी होणारी उसनवारी पाहिली की जाणवते.

गोधडी कशी सिद्ध होते

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, अर्थात २७ फूट. लुगड्याची चौघडी केली, की प्रत्येक पदर पावणेसात फुटांचा होतो. म्हणजे उंच माणसाच्या लांबीला पुरेसा. सहावारी पातळाच्या तीन घड्या केल्यास सहा फूट मिळतात. गोधडीचे माप कोणी कागदावर आखले नाही. ते लुगड्याच्या घडीतूनच आपोआप आले. रुंदीला मात्र एक पन्हा कमी पडतो, म्हणून कडेने दुसऱ्या लुगड्याची पट्टी जोडावी लागते.

काम बहुधा सुगीनंतर, होळीपासून पावसाळ्यापूर्वीच्या मोकळ्या दुपारी चालते. सारवलेल्या जमिनीवर खालचे लुगडे अंथरून चारही कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवतात, म्हणजे कापड ताणून राहते. त्यावर जुनी धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, फाटक्या चादरी असे थर पसरतात. येथेच खरे कसब आहे. विरलेल्या भागावर जाड तुकडा यावा, शिवणीवर शिवण येऊ नये, गुंड्या, हुक आणि जाड नेफे आधी काढून टाकावेत; नाही तर झोपणाऱ्याच्या पाठीला ते रात्रभर बोचतात. सर्वांत वर घरातील उत्तम काठाचे लुगडे घालतात. मग लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बसवितात आणि कडेपासून आत येत साध्या धावदोऱ्याने शिवण घालतात. एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरून घेतले की ओढायचे, अशी हाताची लय असते. बहुधा शेजारीण समोरून येऊन बसते. तिच्या गोधडीच्या वेळी हिने जायचे, हा अलिखित करार असतो.

ऊब येते ती कापडाच्या जाडीमुळे एवढेच म्हणणे पुरे नाही. थरांमध्ये अडकून राहिलेली स्थिर हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ओळी फार दूर असतील तर थर घसरून गोळे होतात. फार दाट असतील तर हवेला जागा उरत नाही आणि गोधडी पत्र्यासारखी ताठ होते. जाणत्या बायका दोन ओळींत बोटा-दोन बोटांचे अंतर ठेवतात, ते याच कारणाने.

गेल्या काही दशकांत या कामाचा पायाच बदलला. कृत्रिम धाग्यांच्या साड्या स्वस्त, टिकाऊ आणि धुण्यास सोप्या म्हणून घरोघर आल्या. शेतात राबणाऱ्या स्त्रीला त्यांनी दिलेली सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जुनेर म्हणून त्या कमी प्रतीच्या ठरतात. नेहमीच्या हवामानात सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम अंगावरच राहतो, थर सरकतात, सुई घसरते. याहून गंभीर गोष्ट विस्तवाची आहे. सुती कापडही पेटते, पण पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटते आणि जखम खोल जाते. चुलीजवळ किंवा शेकोटीशेजारी निजणाऱ्या मुलांच्या अंगावर अशी गोधडी घालू नये. कृत्रिम साडी वापरायचीच झाली, तर ती सुती थरांच्या आत घालावी.

पत्र्याचा डबा आणि विषाची बाटली

जुन्या वस्तूंचा संसार कापडापुरताच नाही. पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या डब्याला झाकण आणि कडी बसवून कणगीचे काम घेतले जाते. ट्रकच्या टायरच्या चपला काट्याकुट्यांत चामड्यापेक्षा जास्त टिकतात. गोणपाटाची खोळ पावसात डोके झाकते. या सर्वांचे कौतुक करताना एक गोष्ट कोणतीही भीड न ठेवता सांगितली पाहिजे. कीटकनाशकाचा डबा, बाटली किंवा पिशवी घरात कोणत्याही कामासाठी वापरू नये. किती वेळा घासली, राखेने विसळली, उन्हात ठेवली, तरी प्लॅस्टिकमध्ये आणि पत्र्याच्या सांध्यांत विषाचा अंश राहू शकतो. झाकण घट्ट बसते, मापाची आहे, एवढ्याच कारणाने अशा बाटलीत गोडे तेल, रॉकेल किंवा पिण्याचे पाणी भरले जाते, आणि घरातील लहान मूल ती तोंडाला लावते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार रिकामी वेष्टने पुन्हा वापरता येऊ नयेत अशी फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. हा नियम शेतकऱ्याच्या वाचनात सहसा येत नाही. ग्रामसभेत तो वर्षातून एकदा, फवारणीच्या हंगामापूर्वी, मोठ्याने वाचला जाण्यास काहीच अडचण नसावी.

बाजारातून आणलेले जुने कपडे प्रथम उकळत्या पाण्यातून काढावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. खरजेचा किडा आणि उवा गरम पाण्याने मरतात. उकळून चालणार नाही असा कपडा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर अंगापासून दूर ठेवल्यासही माणसाच्या अंगावाचून हे जीव जगत नाहीत. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत एकाची खरूज साऱ्यांना होते, ती अंगाशी अंग लागून आणि सामाईक अंथरुणातूनही. शिक्षकांनी मुलांबरोबर त्यांची पांघरुणेही पाहावीत.

वीस हजार टाक्यांचे मोल

गोधडी आता शहरात शोभेची वस्तू म्हणून मागितली जाऊ लागली आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारख्या ठिकाणी बचत गटांना आपला माल मांडता येतो. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान गटबांधणीचे काम करीत आले आहे. पण गोधडीची किंमत कशी ठरवावी, येथे बहुतेक गट चुकतात. कापड जुने, म्हणून फुकट. दोरा थोड्या पैशांचा. मग मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असा हिशेब केला जातो.

हिशेब निराळा आहे. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडीवर एकेक इंचाने ओळी घातल्या, तर ६० ओळी होतात. प्रत्येक ओळ ८४ इंचांची. एकूण शिवण ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट. इंचाला चार टाके धरले, तर वीस हजारांहून अधिक टाके. मिनिटाला १५ ते २० टाके पडतात असे मानले, तरी नुसत्या शिवणीस १७ ते २२ तास लागतात. थर लावणे, धुणे, उसवणे यांचा वेळ वेगळाच. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरून त्या दरानेही केवळ शिवणीचे सुमारे ६०० ते ८०० रुपये होतात. यापेक्षा कमी किमतीत विकलेली गोधडी म्हणजे त्या बाईने खरेदीदाराला दिलेली देणगीच होय. गटाच्या वहीत कापड व दोऱ्याच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना असलाच पाहिजे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी आपल्या घरची एक गोधडी मोजून हा गुणाकार केला, तर आजीच्या हाताचे मोल त्यांना आकड्यांत कळेल.

विक्रीचा हा मार्ग थोड्यांचा आहे. बहुसंख्य घरांना गोधडी लागते ती स्वतःसाठीच, आणि सर्वांत अधिक लागते ती ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांना. बीड आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गळिताचा हंगाम म्हणजे थंडीचे ऐन महिने. मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत, ओलीत केलेल्या रानाच्या गारव्यात. उचलीतून घोंगडी किंवा चादर विकत घेणे म्हणजे त्याच उचलीची फेड आणखी लांबविणे होय. म्हणून घरची वाकळ बरोबर जाते. ती आधी धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, ठिगळे नीट करून ठेवावी लागते, आणि त्यासाठी नवरात्रापूर्वीचे तेच चार-आठ दिवस हाती असतात.

त्या दिवसांत एक भिजलेली गोधडी उचलायला दोन माणसे लागतात. पाटाचा काठ शेवाळलेला, पाणी खोल आणि ओढीचे. पाय घसरून बाया आणि मुली बुडाल्याच्या दुर्घटना घडत आल्या आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. कपडे धुण्यासाठी दगडी पायऱ्यांचा घाट, उतरत्या काठावर धरायला लोखंडी कठडा आणि वाळत घालण्यासाठी चार दांड्या, एवढ्याला फार मोठा निधी लागत नाही. त्या वर्षीच्या घटस्थापनेच्या आत काम पुरे करावयाचे असेल, तर ठराव उन्हाळ्यातील ग्रामसभेतच घ्यावा लागेल. पावसाळ्यात काठावर बांधकाम होत नाही.