गळ्यावरील सहज ग्रंथी : शस्त्राविना कोठवर?

मुलाच्या गळ्यावरील मऊ, वेदनारहित गाठ घेऊन पालक वैद्याकडे येतात ते बहुधा शल्यचिकित्सकाचा सल्ला ऐकून झाल्यावरच. कापल्याशिवाय ही जाईल का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. कांचनार गुग्गुळाची डबी हाती देऊन त्याचे उत्तर देण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. ही रीत तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

गळ्याच्या मध्यरेषेवर, हायॉइड अस्थीच्या आसपास असणारी व रुग्णाने जीभ बाहेर काढताच वर सरकणारी गाठ ही बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट. गर्भावस्थेत थायरॉइड जिव्हामूलापासून खाली उतरते. तो मार्ग बुजला नाही, तर त्यात द्रव साचतो. मानेच्या बाजूस, स्टर्नोमॅस्टॉइड पेशीच्या पुढील कडेस, बहुधा तरुण वयात दिसू लागते ती ब्रँकियल सिस्ट. तान्ह्या बालकाच्या मानेवरील, दाबली जाणारी व विजेरीचा प्रकाश आरपार दाखविणारी गाठ म्हणजे सिस्टिक हायग्रोमा. ही लसीकावाहिन्यांची विकृती होय.

पहिल्या दोन प्रकारांत पोकळीस स्वतःचे अस्तर असते व ते पाझरत राहते. सुईने द्रव काढला तरी गाठ पुन्हा भरते ती यामुळेच. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १२ व्या अध्यायात ग्रंथी कोशासह काढावी, अल्प अंश उरला तरी ती हळूहळू पुन्हा वाढते, असे सांगून ठेवले आहे. १९२० मध्ये अमेरिकी शल्यविद सिस्ट्रंक यांनी गाठीबरोबर हायॉइडचा मधला भाग व जिभेकडे जाणारा मार्गही काढण्याची पद्धत मांडली, तिचे मर्म हेच. नुसती गाठ काढल्यास सुमारे निम्म्या रुग्णांत ती परतते; या पद्धतीने हे प्रमाण शेकडा दहाच्या आत येते.

त्याच अध्यायात गळ्यातील, मर्माश्रित, तसेच बालक, वृद्ध व दुर्बळ यांच्या ग्रंथी वर्ज्य म्हटल्या आहेत. संज्ञाहरणाची आजची साधने नसलेल्या काळी ही सावधगिरी उचितच होती. आज तिचा आधार घेऊन पालकांस शस्त्रकर्मापासून परावृत्त करणे ही ओढाताण ठरेल. उलट, आपल्या बाह्यरुग्ण कक्षात गळ्यावर वेधन वा क्षारकर्म करू पाहणाऱ्यांस मात्र हे वचन आजही आडवे येते.

मग गुग्गुळाने गाठ लहान झाल्याचे अनुभव? शार्ङ्गधरांनी कांचनार गुग्गुळाच्या फलश्रुतीत ग्रंथीचा उल्लेख केला आहे, हे खरे. परंतु पडसे झाले, घसा आला की या गाठी फुगतात आणि शोथ उतरला की आपोआप ओसरतात. दोन महिन्यांच्या औषधानंतर दिसणारा उपशय बहुतेक वेळा या चढउताराचाच असतो. अस्तर जागच्या जागी राहते. वारंवार प्रतिश्याय होणाऱ्या बालकाची चिकित्सा अवश्य करावी, पण ती प्रतिश्यायाची म्हणून.

शस्त्राविना खरे फळ मिळते ते सिस्टिक हायग्रोमात. १९८७ मध्ये जपानचे ओगिता व सहकारी यांनी ओके-४३२ हे द्रव्य गाठीत टोचून ती आकसते, हे प्रसिद्ध केले. पेनिसिलीनने संस्कारित केलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासून ते बनत असल्याने पेनिसिलीनची ॲलर्जी असणाऱ्यांस ते वर्ज्य. भारतात याकरिता ब्लिओमायसिनही वापरले जाते. मोठ्या कप्प्यांच्या गाठी चांगला प्रतिसाद देतात, सूक्ष्म कप्प्यांच्या कमी. टोचल्यावर काही दिवस ताप व सूज येते. श्वासमार्ग जवळ असल्याने हे काम रुग्णालयातच व्हावयास हवे. शस्त्रकर्म नको असलेल्या निवडक प्रौढांत थायरोग्लॉसल सिस्टमध्येही सोनोग्राफीच्या साहाय्याने इथेनॉल टोचतात. दाह उत्पन्न करून कोश नष्ट करावयाचा, हे तत्त्व क्षारकर्म जाणणाऱ्या वैद्यास परके वाटू नये.

सोनोग्राफी कोणत्याही मार्गाआधी हवीच. क्वचित मध्यरेषेवरील ती 'गाठ' हीच रुग्णाची एकमेव थायरॉइड असते. ती काढली, तर जन्मभर थायरॉक्सिन घ्यावे लागते. चाळिशीनंतर मानेच्या बाजूस नव्याने आलेली द्रवयुक्त गाठ तर ब्रँकियल सिस्ट मानूच नये. टॉन्सिल, जिव्हामूल वा थायरॉइडच्या कर्करोगाची ती दुय्यम गाठ नाही, हे आधी सिद्ध व्हावे. येथे सहा महिने गुग्गुळ देणे म्हणजे सहा महिने गमावणे.

औषधालयचालकांकडे गळ्याच्या गाठीसाठी कोणी परस्पर डबी मागितली, तर रुग्णाचे वय व गाठीचा काळ एवढे तरी विचारावे. गाठ लाल झाली असेल, ताप असेल, गिळण्यास वा श्वासास अडथळा असेल, तर डबी न देता त्याच दिवशी रुग्णालयाची वाट दाखवावी.