पाव मैलाची शर्यत

देवासला माझ्या मामांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एक राजदूत ३५० उभी आहे. दर सुट्टीत मी गेलो की मामा तिच्यावरची चादर काढतात, टाकी पुसतात आणि परत चादर घालतात. किक मात्र मारत नाहीत.

ह्या खेपेला माझ्या मोबाईलवरचा फोटो बघून त्यांनी विचारलं, "ही कुठली रे गाडी?"

"डॉज चार्जर, मामा. मसल कार."

"मसल कार म्हणजे?"

मला धड सांगता येईना. मग शोधलं, वाचलं आणि त्यांना सांगितलं, तेच इथे लिहितोय.

मसल कारचं गणित सोपं आहे. मध्यम आकाराची, तरुणांच्या खिशाला झेपेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून अमेरिकेत ही लाट आली असं मानतात. वळणावर ह्या गाड्या जड जायच्या, पण सरळ रस्त्यावर त्यांना तोड नव्हती. म्हणून त्यांचा खेळ म्हणजे ड्रॅग रेस. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, इशारा झाला की सुटायचं. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. आपल्या विदर्भातला शंकरपट आठवा: सरळ पट, बैलांच्या दोन जोड्या, निकाल सेकंदांत. बैलांच्या जागी इंजिन आलं की झाली ड्रॅग रेस!

१९७० नंतर धुराचे नियम कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोल महागलं. लाट ओसरली. उरली ती आठवण.

मामा म्हणाले, "अरे, मग आमची मसल कार हीच की!"

खरंच. राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०. एस्कॉर्ट्सने ती १९८३ पासून भारतात बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा खाली-वर होतो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दर खाली-वर फेरीला होतो. त्यामुळे गाडी झटकन उसळते. पण थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, सोबत ऑइलही जळतं. म्हणून तो निळसर धूर, तो वास, आणि मायलेजच्या नावाने बोंब.

"मग किक का मारत नाही?" मी विचारलं.

मामा जरा वेळ गप्प बसले. मग सांगितलं. आग्रा-मुंबई रस्ता, रात्रीची वेळ, दोन गाड्या, पैज फक्त चहाची. पुढे एक ट्रक उभा होता, मागचा दिवा नसलेला. मामांनी ब्रेक दाबला. मित्राला तेवढा वेळ मिळाला नाही. हेल्मेट दोघांनीही घातलं नव्हतं.

"गाडीच्या आवाजाबद्दल सगळे विचारतात," मामा म्हणाले. "त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही."

अमेरिकेतही हेच होत होतं. म्हणून १९५१ मध्ये वॉली पार्क्स ह्यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. पोरांना दटावून ती थांबणार नव्हती. त्यांना रस्त्यावरून उचलून बंद विमानतळांच्या धावपट्ट्यांवर आणलं. नियम आले, गाड्यांची तपासणी आली. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत.

आणि धार जिल्ह्यात? जिथे कधीकाळी कायनेटिक होंडा बनायची त्या पीथमपुरात नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, जून २०२१ मध्ये सुरू झालेला. तो कंपन्यांच्या गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, आणि ते बरोबरच आहे. पण पोरांना अकरा किलोमीटर कुठे हवेत? पाव मैल पुरे. तेवढा नाही मिळाला, की रात्रीचा बायपास आहेच.

निघताना मी किल्लीकडे बघत होतो. मामांनी ती खिशात टाकली आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.